करडीच्या तेलातला कॉम्प्युटर

बाळांनो,

गेल्या रविवारी तुम्ही दोघांनी मला तुमचा नवा कॉम्प्युटर दाखवलात. काचेची पेटी, आत निळा दिवा, आणि नळ्यांमधून फिरणारं पाणी. "आजी, हा पाण्याने थंड होतो," असं दादाने सांगितलं आणि धाकटीने विचारलं, "तुला खरं वाटतं का?" मला खरं वाटलं. मी हसले ते वेगळ्याच कारणाने. कॉम्प्युटर अख्खाच्या अख्खा बुडवून ठेवलेला मी लातूरला पाहिला आहे, आणि तोही करडीच्या तेलात. ज्यांनी तो बुडवला त्यांच्याविषयी लिहून पाठवते असं मी म्हणाले होते. आज सकाळची कामं आटोपून बसले आहे. अवघड शब्द आला तर आईला विचारा.

त्यांचं नाव लिहीत नाही. ते अजून लातूरलाच असतात, आणि त्यांना ते आवडायचं नाही. आमच्या कॉलेजात सगळेच सर होते, पण नुसतं 'सर' म्हटलं की ते, हे सगळ्यांना कळायचं. मी इंग्रजी शिकवत असे, ते भौतिकशास्त्र. त्यांच्या शर्टाच्या खिशात दोन पेनांच्या मधोमध एक लांब काचेचा थर्मामीटर असायचा. अंगातला ताप बघायचा नव्हे, प्रयोगशाळेतला. स्टाफरूममध्ये चहा आला की पहिला घोट त्या थर्मामीटरचा. आमचा शिपाई वैतागून म्हणायचा, "सर, च्या निवून राहिला."

"निवू दे. निवून कुठं जातो ते बघू."

हाच त्यांचा आयुष्यभराचा प्रश्न होता. गेली कुठं? उष्णता नाहीशी होत नाही, नुसतं बिऱ्हाड बदलते, असं ते वर्गात सांगत आणि वर्गाबाहेरही. एकदा मी आजारपणाच्या रजेवरून परत आले तर बाकीचे लोक तब्येत विचारत होते, आणि हे विचारत होते, "ताप उतरला म्हणता. उतरून गेला कुठं?" मी म्हटलं, मला काय माहीत. त्यांनी मान डोलावली. माझ्या उत्तराने ते निराश झाले होते, पण त्यांना ते अपेक्षितही होतं.

तुमचे आजोबा गेले तेव्हा भेटायला आलेले सगळे म्हणत होते की दुःख हळूहळू कमी होतं. सर उठताना म्हणाले, "कमी होत नाही, मॅडम. घरभर पसरतं. मग एका जागी तेवढं भाजत नाही." त्या दिवसांत लोक जे काही बोलले त्यातलं एवढंच माझ्या लक्षात राहिलं.

एक सहलीची गोष्ट. कंधारचा किल्ला पाहायला आम्ही मुलांना घेऊन गेलो होतो. मुलं खंदक बघत होती, आणि सर तटाच्या भिंतीला एकदा उन्हाच्या बाजूने आणि एकदा सावलीच्या बाजूने हात लावत हिंडत होते. निघताना मुलं मोजली, डबे मोजले, सरांना मोजायचं राहिलं. बस लातूरला पोचल्यावर लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी मी त्यांची माफी मागायला गेले तर ते खुशीत होते. "बरं झालं, मॅडम. ऊन गेल्यावर ती भिंत किती वेळ गरम राहती ते बघायला भेटलं. लई वेळ राहती. दगड एकदा तापला की सोडत न्हाई लवकर."

आता ते कुठले, ते सांगायला हवं. त्याशिवाय पुढचं कळणार नाही. त्यांचं घर लिंगायत व्यापाऱ्यांचं. गोलाईच्या बाजारपेठेजवळच्या एका गल्लीत त्यांचा पिढीजात तेलाचा घाणा आणि दुकान. घरात आपसात कानडी, बाहेर मराठी. आईला ते 'अव्वा' म्हणत. वडील लवकर गेले, आणि थोरला म्हणून गादीवर बसायची पाळी यांची होती. हे बसले नाहीत. शिकायला विद्यापीठात जातो म्हणाले. तेवढ्यावर भागलं असतं, पण तरुणपणाच्या तोऱ्यात म्हणून गेले की माझ्या अंगाला जन्मभर तेलाचा वास नको. अव्वांनी ते ऐकलं. गादीवर त्या स्वतः बसल्या, पुढे धाकट्या मुलाला हाताशी घेतलं, आणि थोरल्याशी बोलणं सोडलं.

सोडलं म्हणजे भांडण नाही. दर अमावास्येला सर जेवायला घरी जात. अव्वा स्वतः वाढत. पण बोलत त्या धाकट्या सुनेशी. "त्याला म्हणावं, भाकरी घे." सून म्हणे, "भाऊजी, भाकरी घ्या." सर म्हणत, "अव्वाला म्हणावं, अर्धीच." असं निम्मं आयुष्य गेलं. सरांनी लग्न केलं नाही. नोकरी लागल्यावर दोन खोल्यांचं घर बांधलं, त्याच्या वास्तुशांतीलाही अव्वा आल्या नाहीत. सगळे आले, अव्वांकडून तेलाचा डबा आला, त्या आल्या नाहीत. एरवी कशाचंच वाईट वाटून न घेणारे सर, पण या एका गोष्टीचा उल्लेख निघाला की खिशातला थर्मामीटर काढून उगाच पुसत बसायचे.

निवृत्त झाल्यावर त्यांनी एक मोठा कॉम्प्युटर घेतला. लातुरात बाहेरगावची पोरं शिकवणीसाठी येतात, आणि त्यातली गरिबाघरची पत्र्याच्या खोल्यांमध्ये राहतात. मे महिन्यात ती खोली किती तापते, वर काय घातलं तर किती निवते, याचं गणित सरांना मांडायचं होतं. ते गणित दिवसचे दिवस चालायचं. पण दुपार झाली की कॉम्प्युटर स्वतःच तापून बंद पडे. पंखे होते, ते घरघरत हवा आत ओढायचे आणि हवेबरोबर शेजारच्या दालमिलची धूळ. आठवड्यात आतून बेसनाचा हात फिरवल्यासारखा पिवळा होई.

"हवेला उष्णता उचलायचा कंटाळा आहे, मॅडम," ते मला म्हणाले. "पाणी चांगलं उचलतं, पण त्यातून वीज जाती. तेल उष्णता पण उचलतं आणि वीजही जाऊ देत न्हाई. डीपीत तेल कशाला असतं?" डीपी म्हणजे आपल्याकडे रस्त्याकडेला असतो तो विजेचा ट्रान्सफॉर्मर. त्याच्या पोटात तेल असतं हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

मग म्हणाले, "उद्या माझ्याबरोबर दुकानी येता का? मध्ये माणूस लागतं."

दुकानात मी पहिल्यांदाच गेले होते. अव्वा गादीवर बसलेल्या. नव्वदीला टेकलेल्या असाव्यात, पण पाठ सरळ. कपाळाला भस्म, गळ्यात लिंगाची चांदीची डबी. सर पायरीवरच उभे राहिले.

"या मास्तरीणबाई, बसा," अव्वा मला म्हणाल्या. मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत, "त्याला इचारा, काय पायजे."

सरांना ऐकू गेलंच होतं. तरी मी वळून म्हटलं, "काय पाहिजे, विचारतायत."

"तेल पायजे म्हणावं."

"त्यांना तेल हवंय."

"कशाला? खायला का दिव्याला?"

"कॉम्प्युटर बुडवायला," सर म्हणाले, आणि माझ्याकडे बघत राहिले. मी ते वाक्य जसंच्या तसं पुढे दिलं. आयुष्यभर मी इंग्रजीचं मराठी आणि मराठीचं इंग्रजी करून दिलं. मराठीचं मराठी करायची वेळ तेवढी एकदाच आली.

अव्वांनी हिशेबी चेहऱ्याने विचार केला. "बिघडलाय का?"

"चांगला हाय म्हणावं. तापतो. तेलात निवंल."

"मग पाण्यात ठिवा म्हणावं."

"पाणी चालत न्हाई म्हणावं."

"चालत असतं तरी लातुरात कुठून आणलं असतं," अव्वा म्हणाल्या. हे त्या कोणाला म्हणाल्या ते कळलं नाही, म्हणून मी पुढे दिलं नाही. "किती तापतो?"

"हाताला सोसतं म्हणावं."

अव्वांनी तेव्हा पहिल्यांदा सरळ सरांकडे पाहिलं. अगदी क्षणभर. मग पुन्हा कॅलेंडर. "करडीचं देते. घाण्याचं हाय. पण ओतणार मी. माझं तेल कुठं चाललंय ते बघायला पायजे."

सरांचा हात खिशातल्या थर्मामीटरकडे गेला आणि तिथेच राहिला. "या म्हणावं," ते म्हणाले. आवाज इतका बारीक होता की या वेळी मला खरोखरच पुढे सांगावं लागलं.

सोमवारी सकाळी अव्वा ऑटोतून आल्या, मांडीशी डबा धरून. उंबऱ्याशी थांबल्या. चौकटीवरून हात फिरवला, जणू लाकूड विकत घ्यायचं होतं. मग आत आल्या. सरांनी टेबलावर माशांची काचेची टाकी ठेवली होती आणि तिच्यात कॉम्प्युटरची हिरवी पाटी उभी टांगली होती. खोलीत खुर्ची एकच. ती अव्वांना दिली, आणि मला कोपऱ्यातल्या पोतं टाकलेल्या एका पिंपावर बसायला सांगितलं.

अव्वा बसल्या नाहीत. डबा तिरका करून त्यांनी धार धरली. त्यांच्या घरातली एक रीत मला सरांनी पूर्वी सांगितली होती. तेल असो की ताक, ओतणाऱ्याने आपल्या मनाने थांबायचं नाही. घेणाऱ्याने 'साकु' म्हणजे कानडीत 'पुरे' म्हटलं की मगच हात वळवायचा. आपण थांबलो तर हात आखडला असं होतं. तेल पिवळंधमक होतं, ती हिरवी पाटी त्यात हळूहळू बुडत गेली.

"साकु का, इचारा," अव्वा म्हणाल्या.

मी विचारलं. सर ऐकत नव्हते. ते टाकीकडेही बघत नव्हते. आईच्या मनगटाकडे बघत होते. धार चालूच राहिली. तेल काठाला आलं, काठावरून टेबलावर, टेबलावरून फरशीवर, आणि फरशीवरून माझ्या चपलांकडे निघालं. शेवटी मीच म्हणाले, "साकु."

अव्वांनी डबा सरळ केला. "त्याला म्हणावं, घरची रीत पण विसरला."

कॉम्प्युटर सुरू झाला. पंखा नाही, घरघर नाही. माशांच्या टाकीतल्या हवेच्या नळीचे बारीक बुडबुडे तेलातून वर येत होते, तेवढीच हालचाल. अव्वांनी एक बोट बुडवून पाहिलं, बोटाला लागलेलं तेल स्वतःच्या केसांना पुसलं, आणि मला म्हणाल्या, "निवांत हाय."

त्यानंतर दर सोमवारी देवळातून परतताना त्यांचा ऑटो सरांच्या दाराशी थांबू लागला. माझं तेल बघायला आले, म्हणत. मी दर वेळी कुठली असणार तिथे. एकदा मी सरांना विचारलं, "मग मध्ये कोण असतं?"

"कॉम्प्युटर," ते म्हणाले. "अव्वा त्याच्याशी बोलती. परवा त्याला म्हणली, जेवलास का. मी म्हणलो, हो."

"मग?"

"मग त्याला म्हणली, काय जेवलास."

उन्हाळा चढत गेला तसं तेलाला खवट वास यायला लागला. मुंग्या आल्या. टेबलाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या तरी आल्या. तेलावर सायीसारखा पापुद्रा धरला, बुडबुडे जड झाले, आणि एका दुपारी गणित चालू असतानाच कॉम्प्युटर बंद पडला. सरांचा मला फोन आला. "अव्वाला कळवलंय. तुम्ही पण या. वाटलं तर मध्ये बोलायला."

मी गेले आणि कोपऱ्यातल्या त्याच पिंपावर बसले. अव्वा आल्या. टाकीत बोट घातलं, ते सहज निघेना. काढलं तर तार निघाली, पाकासारखी. अव्वांनी ती तार अंगठ्यावर घोळवली. मी तयार होते. पण त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही.

"काय केलंस रं हे?"

सर उभे होते, ते आणखी ताठ झाले.

"करडीचं तेल तापत राहिलं की त्याचं रोगण व्हतंय, हे ठाऊक न्हाई तुला? मोटेच्या कातड्याला काय लावायचे तुझे आजोबा? डोळ्यांनी बघितलंस ना ल्हानपणी? कढईत ढवळायला बसवलं नव्हतं तुला? येवढी बुकं शिकलास, पोरांना शिकवलास, आन घरातलं इसरलास?"

"इसरलो, अव्वा."

"इसरलो म्हणतोय. वाळलास किती. कोण करतंय सैपाक?"

"मीच."

"म्हणून. आन ही टाकी अशी उन्हात? खिडकीला पडदा न्हाई. आन हे जाळं कवापासून हाय?" त्या टाकीवरून खिडकीवर गेल्या, खिडकीवरून जाळ्यावर, जाळ्यावरून सरांनी न केलेल्या लग्नावर. निम्म्या आयुष्याचं बोलणं होतं, ते एकाच खेपेला संपणार नव्हतं. सर प्रत्येक गोष्टीला "हाव, अव्वा" म्हणत होते. पहिला नंबर आलेल्या मुलासारखा त्यांचा चेहरा झाला होता, आणि तो लपवायला त्यांनी मान खाली घातली होती. मी माझ्या पिंपावर बसून होते. माझ्याकडे काही काम उरलं नव्हतं.

निघताना अव्वा म्हणाल्या, "खायचं तेल न्हाई चालत ह्याला. डीपीत घालत्यात ते आण. मी सोमवारी बघायला येते."

ऑटो वळणावरून दिसेनासा झाला. सर आत आले, बाह्या दुमडल्या आणि मला म्हणाले, "मॅडम, जरा उठता का?"

मी उठले. त्यांनी पोतं काढलं. खाली लोखंडी पिंप होतं, डीपीच्या तेलाचं, अजून सील न फोडलेलं. त्याच्यात आणि भिंतीत कोळ्याने जुनं जाळं विणलेलं होतं. मागच्या खेपेलाही मी याच पिंपावर बसले होते, अव्वा करडीचं तेल ओतत असताना.

"हे कधी आणलंत?"

"कॉम्प्युटर घेतला तवाच. दुरुस्तीच्या कारखान्यातून."

"आणि करडीचं रोगण होतं, हे तुम्ही..."

"तेलाच्या दुकानात जन्मलो मी, मॅडम." त्यांनी सील फोडलं, थर्मामीटर आत सोडला, आकडा वाचला आणि खिशातल्या फडक्याने तो पुसला. "तेल होतं. ओतणारं माणूस नव्हतं."

अव्वांना पहिल्याच दिवशी हे ठाऊक नव्हतं का, असा प्रश्न मला परतताना ऑटोत पडला. किती तापतो, असं त्यांनी मुद्दाम विचारून घेतलं होतं. पण तो प्रश्न मी कोणालाच विचारला नाही. मध्ये बोलायचं माझं काम संपलं होतं.

दादा, तू विचारशील म्हणून सांगते. डीपीच्या तेलात दुसरा कॉम्प्युटर बुडवला, तो नीट चालला. जुन्या जीपचा रेडिएटर बसवून ते तेल फिरवायची सोय केली, आणि पत्र्याच्या खोल्यांचं गणित मे महिन्यातच पुरं झालं. दोन-तीन खोल्यांवर त्याप्रमाणे उसाचं पाचट आणि चुना घालून झाला. पोरं म्हणतात, फरक पडतो. अव्वांना ते तेल आवडलं नाही. "याला वास न्हाई. हे तेल न्हवं," असं त्या दर सोमवारी म्हणत आणि पुढच्या सोमवारी पुन्हा येत. पाय थकल्यावर येणं थांबलं, तेव्हा सर टाकीतलं थोडं तेल बाटलीत घालून गल्लीतल्या घरी जायचे. अव्वा ते बोटांत घोळवून बघायच्या आणि काही ना काही खोट काढायच्या. मग दोघं जेवायला बसायचे. सून सांगते, तिला मध्ये तोंड घालायला फुरसतच मिळत नसे. बिघडलेली ती पहिली पाटी सरांनी टाकली नाही. रोगण वाळून कडक झालं, मधाच्या वडीसारखं, आणि त्यात ती आहे तशी बसली आहे. त्यांच्या खिडकीत असते. आता खिडकीला पडदा आहे.

मी नांदेडला राहायला आले त्यानंतर अव्वा गेल्या. मला जाता आलं नाही. या हिवाळ्यात सर भोकरला कोणाच्या लग्नाला आले होते, तिथून माझ्याकडे आले. हातात धाकट्या भावाने पाठवलेला करडीच्या तेलाचा छोटा डबा. बरेच खंगले आहेत. चहात थर्मामीटर घातला नाही, तो खिशात होता तरी.

जेवायला भाकरी, वरण आणि जवसाची चटणी केली होती. चटणीवर कच्चं तेल घ्यायची आपल्याकडची पद्धत तुम्हाला माहीत आहे. मी त्यांनीच आणलेला डबा उघडला, चटणीत खळगा केला आणि धार धरली. खळगा भरला.

"साकु का, सर?" मी विचारलं.

ते माझ्या मनगटाकडे बघत होते. तेल चटणीतून निघालं, भाकरीच्या कडेला लागलं आणि ताटात पसरायला लागलं. ते काही म्हणाले नाहीत. मी ओतत राहिले.